नासीरमियाँ जेवले नाहीत

धुळे,
२९ ऑगस्ट १९७५

चि. राजकुंवर हिस,
कांतीभाऊचे आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

मोहनमावशीचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, तिच्या भाच्याला आता साधा कापडदुकानदार समजू नकोस. वाचनालयाच्या कमिटीने मला कार्यक्रम-चिटणीस केलं आहे. बिनविरोध! दुसरं कोणी उभंच नव्हतं, हे तू म्हणायच्या आत मीच सांगून टाकतो.

वाचनालयाला लागून आमचं छोटं संग्रहालय आहे ना, दगडी मूर्ती, ताम्रपट, गंजक्या तलवारी असलेलं? त्याच्या मोठ्या खोलीत दर दुसऱ्या रविवारी सहकुटुंब कार्यक्रम करायचे असं मी ठरवलंय. एकदा व्याख्यान, एकदा गाणं-बजावणं. बायका घराबाहेर पडतील, पोरं निदान एकदा तरी मूर्ती बघतील. आजवर लोक तिथे पावसाच्या आडोशालाच यायचे. परवाच्या पहिल्या व्याख्यानाला बासष्ट माणसं आली, मी स्वतः मोजली.

आता गाण्या-बजावण्याचा पहिला कार्यक्रम १४ सप्टेंबरला. तुझ्या गल्लीतले ते पुस्तकबांधणीवाले नासीरमियाँ सारंगी वाजवतात म्हणून तू दर दिवाळीला माझे कान किटवतेस. त्यांना पाठव. उतरणं-जेवण माझ्या घरी, हॉटेलात नाही. चातुर्मास आहे, सूर्य मावळल्यावर आपल्याकडे अन्नपाणी बंद, म्हणून जेवण साडेचारला आणि कार्यक्रम साडेपाचला ठेवलाय. चारच्या आत पोचतील असं बघ. तुझी भाभी दाल-बाटी करणार आहे. पाहुणचारात धुळं जळगावला हार जाणार नाही!

तुझा
कांतीभाऊ

---

जळगाव,
४ सप्टेंबर १९७५

ती. कांतीभाऊंना,
राजकुंवरचा नमस्कार.

अभिनंदन! चिटणीस झालात, आता बोलताना मध्ये मध्ये श्वास घेत जा, लोकांनाही जरा बोलू देत जा.

नासीरचाचांना तयार करताना माझ्या नाकी नऊ आले. बाहेर वाजवायचं त्यांनी सोडलंय. आठ वर्षांपूर्वी पाचोऱ्याला एका लग्नात त्यांना बसवलं, आणि ते वाजवत असताना लोक पंगतीत भात मागत होते. तिथून आले ते सारंगीला गवसणी घालूनच. रोज संध्याकाळी घरी मात्र वाजवतात. त्या वेळी आमच्या गल्लीतली भांडणंसुद्धा हळू आवाजात होतात. मी म्हटलं, चाचा, हे लग्न नाही, वाचनालय आहे, तिथे लोक ऐकायलाच येतात. त्यावर त्यांनी मला दोनदा विचारलं, "ऐकायलाच येतात ना बेटी?" मी छातीठोक हो म्हटलं. माझी जबान सांभाळा म्हणजे झालं.

तारीख, वेळ, साडेचारचं जेवण, सगळं सांगितलं. "चौदा तारीख," एवढं पुटपुटले, थोडं थांबले, मग म्हणाले, "तू सांगतेस तर येतो."

माझा तेला चालू आहे, आज तिसरा उपास. अक्षरं नाचायला लागलीत, म्हणून पुरे करते. तुम्ही तर अट्ठाई धरलीय असं ऐकलं. आठ दिवस नुसत्या पाण्यावर! दुकानात फार उभं राहू नका.

राजकुंवर

---

धुळे,
१६ सप्टेंबर १९७५

चि. राजकुंवर हिस,

शाबास तुझ्या नासीरमियाँची! चारचौघांत माझं नाक कापून गेले.

ऐक. बरोबर चारला आले. पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, ताट वाढलं. तुझी भाभी लाडकुंवर सकाळपासून चुलीपाशी. एवढं तूप तर मी जावयालाही वाढलं नसतं. आणि हे गृहस्थ हात जोडून म्हणतात, "आज नको भाऊ, पोट बरं नाही." बरं, निदान दही घ्या. नको. चहा? नको. अगं, पाण्याचा तांब्या पुढे केला तर तोही हाताने मागे सारला! भाभी तुझी आत जाऊन रडली. कार्यक्रमाला आली सुद्धा नाही. अट्ठाईचं पारणं होऊन मला चारच दिवस झालेले, अजून अंगात त्राण नव्हतं, तरी मी धावपळ करत होतो, आणि हे असं. आमच्या घरचं पाणी बाटवतं की काय यांना?

तरी मी गिळलं. खोली गच्च भरली होती, एकशे चाळीस माणसं! बायकांसाठी वेगळ्या सतरंज्या, भोंगा नवा कोरा, अध्यक्ष रतिलालजी पहिल्या खुर्चीत. साडेपाचला सुरू झालं. तुझे चाचा सारखे खिडकीकडे बघत होते. आणि साडेसहाच्या सुमाराला एकदम गज खाली ठेवला, उठले, आणि काही न बोलता बाहेर व्हरांड्यात गेले. पाणी प्यायला! माठावर! लोक एकमेकांकडे बघायला लागले, रतिलालजींनी भुवई वर केली. काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी भोंगा हातात घेतला आणि म्हटलं, "माफ करा मंडळी, कलावंतांना तहान लागली आहे. आमच्या घरचं पाणी काही त्यांना चाललं नाही, पण वाचनालयाचा माठ चालतोय असं दिसतं!" लोक खो खो हसले. वेळ मारून नेली.

परत येऊन जेमतेम पाच मिनिटं वाजवलं, सारंगी गुंडाळली, शाल-नारळ घेतला आणि सरळ एस.टी. स्टँड गाठलं. मीही इतिवृत्ताच्या वहीत लिहून टाकलं, "कलावंताचे वर्तन असभ्य. पुन्हा बोलावू नये." तुझ्या शब्दावर विसंबलो, दुसरं काय!

कांतीलाल

---

जळगाव,
१९ सप्टेंबर १९७५

कांतीभाऊ,

तुमचं पत्र शाळेत आलं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचे दोन तास मुलींना नुसतं शुद्धलेखन घातलं.

रमजान चालू आहे, भाऊ. त्यांचा रोजा होता.

तुम्ही सूर्य मावळायच्या आत जेवणारे आणि ते सूर्य मावळल्यावर. साडेचारला त्यांना पाणीसुद्धा चालत नव्हतं, आणि साडेसहानंतर तुमच्या घरात काही मिळालं नसतं. पहाटे चारला खाल्लेला साठ वर्षांचा माणूस तासभर सारंगी वाजवून पेलाभर पाणी प्यायला उठला, आणि तुम्ही त्याच्यावर भोंग्यातून माणसं हसवलीत. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलात, आणि समोरचा माणूस उपाशी आहे हे तुम्हाला कळलं नाही?

पर्युषणाचं तुमचं छापील खमतखामणा कार्ड त्याच आठवड्यात मला आलं. "वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावले असल्यास क्षमा असावी." शिल्लक असेल तर एक त्यांनाही पाठवा. छापीलच तर आहे.

आता माझं ऐका. मीही तेवढीच दोषी आहे. समोरच्या दारात राहते. दर रमजानात त्यांच्या घरी पहाटे भांडी वाजतात ती मला ऐकू येतात. तरी साडेचारच्या जेवणाचं आमंत्रण मीच तोंडाने देऊन आले, कारण तेव्हा मी माझ्या उपासांची गोडी चाखत होते. "चौदा तारीख" म्हणून ते थांबले, ते का, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. नूरबीचाची आनंदात होत्या. चाचांनी घरी येऊन सांगितलंय, फार मान मिळाला, शेठनी स्वतः वाढलं, शाल दिली. चाचींनी ती शाल मला उलगडून दाखवली आणि विचारलं, "तुझ्या भावाचं पत्र आलं असेल ना? काय लिहितो?" भाऊ, तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी म्हटलं, लोकांनी फार वाहवा केली. आतल्या खोलीत चाचा एका वहीला खळ लावत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. ते खोटं बोलले होते, मी खोटं बोलत होते, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. मला तिथून उठताना जोडे सापडेनात.

राजकुंवर

---

धुळे,
२३ सप्टेंबर १९७५

राजू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

रमजान आहे हे मला माहीत नव्हतं, असं लिहायला मी दोनदा बसलो. पण ते खोटं आहे. माझ्या दुकानाच्या ओट्यावर असलम शिंपी बसतो, चार लेकरांचा बाप. रमजानात त्याला मी दर वर्षी सहाच्या आत घरी सोडतो, आणि त्याबद्दल स्वतःला मोठा भला माणूस समजतो. म्हणजे असलमचा रोजा मला कळतो, कारण तो मी दिलेल्या सुट्टीत बसतो. माझ्या ताटाला नको म्हणणाऱ्याचा कळत नाही.

काल असलमला विचारलं, त्या दिवशी तू वाचनालयात होतास का? होता. मागे, दाराशी. नासीरमियाँना पाण्याचा पेला त्यानेच भरून दिला. त्याच्या खिशात एक खजूर होता, तो दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. मी विचारलं, मग मी भोंग्यावर बोललो ते तुम्ही दोघांनी ऐकलं? तो मशीनकडे बघत म्हणाला, "ऐकलं शेठ. सगळे हसले. मी पण हसलो." मी म्हटलं, तू का हसलास रे? तर म्हणतो, "तुम्ही दाराकडंच बघत होता."



परवा दुकान बंद ठेवून जळगावची एस.टी. धरली होती. पारोळ्याला उतरलो. चहा घेतला, आणि उलटी गाडी धरून परत आलो. लाडकुंवरला सांगितलं, नासीरमियाँ घरी नव्हते. काय बोलणार होतो गं मी त्यांच्या दारात? तुझ्यावर त्यांचा लोभ आहे. तूच माझ्या वतीने दोन शब्द बोल. हवं तर चांगलं धोतर, नूरबीचाचींना लुगडं, जे म्हणशील ते पाठवतो.

कांतीभाऊ

---

जळगाव,
२५ सप्टेंबर १९७५

ती. कांतीभाऊ,

नाही. मी तुमच्या माफीची हमाली करणार नाही. आणि लुगडं तर मुळीच पाठवू नका. नूरबीचाचींना अजून काही माहीत नाही, त्या विचारतील कशाबद्दल?

तुम्हाला एक सांगायचं टाळत होते. तुमच्याकडून आल्यापासून चाचांनी सारंगी काढलेली नाही. रोजा सोडून, नमाज करून ते वाजवायला बसायचे. दोन आठवडे होत आले, गल्ली मुकी आहे. चाची म्हणतात, थकलेत. पण एवढी वर्षं ते काय थकले नव्हते?

ज्यांच्यासमोर हसवलंत त्यांच्यासमोरच उभे राहा. मला तरी दुसरं सुचत नाही.

राजकुंवर

---

धुळे,
२९ सप्टेंबर १९७५

चि. राजू,

काल रविवारी जुन्या नाण्यांवर व्याख्यान होतं. नव्वद-पंच्याण्णव माणसं. पाहुणे बोलायला उठायच्या आत मी भोंगा घेतला. सगळं सांगितलं: रोजा, साडेचारचं ताट, पेलाभर पाणी, माझी थट्टा. म्हटलं, त्या दिवशी या खोलीत असभ्य कोणी असेल तर तो मी. एक दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. रतिलालजी माझी बाही ओढत होते, "कांतीलाल, आवरा, नाण्यांचं राहतंय."

वहीतलं पान फाडणार होतो. फाडलं नाही. त्या ओळीखालीच लिहिलं, "वरील नोंद करणाऱ्याचे वर्तन असभ्य होते," आणि सही केली. रतिलालजींना ते खटकलंय. संस्थेच्या दप्तरात असलं वैयक्तिक रडगाणं नको, खोडा म्हणतात. मी खोडणार नाही. चिटणीसपद जाईल बहुतेक. जाऊ दे.

घरी येऊन लाडकुंवरलाही पारोळ्याचं खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी रोजा आहे म्हटलं असतं तर आपण वेळ पाळली नाही असं झालं असतं. आपल्याला लाजवायचं नाही म्हणून पोट दुखतंय म्हणाले ते." मला हे पंधरा दिवस सुचलं नव्हतं बघ.

आता हे पत्र तू चाचांना वाचून दाखव. एवढं कर. बाकी मी स्वतः लिहितो त्यांना, पुन्हा येऊन वाजवाल का म्हणून. ईद झाल्यावर, ते म्हणतील त्या वेळेला. मन जरा हलकं झालंय. खोटं कशाला सांगू, लोकांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा बरं वाटलं.

कांतीभाऊ

---

जळगाव,
१० ऑक्टोबर १९७५

कांतीलाल शेठना
नासीरचा सलाम.

तुमचं पत्र पोचलं. राजकुंवर बेटीने तिला आलेलंही वाचून दाखवलं. माझी शाळा भडगावला चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं पुस्तकं बांधता बांधता वाचलं, म्हणून लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या. ईद चांगली झाली. त्या दिवशी भाभींचं ताट तसंच राहिलं, त्याचं मला वाईट वाटतं. माझा सलाम त्यांना सांगा.

तुमच्यावर राग नाही. चूक माणसाकडूनच होते. पण तुम्ही इतक्या मोकळ्या मनाने लिहिलं, तर मीही एक गोष्ट मनात ठेवत नाही.

तुम्ही दोन वेळा भोंग्यावर माझं नाव घेतलं. पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी, बेटी सांगते, लोक रडले. आता धुळ्यात मी उपाशी म्हातारा म्हणून माहीत झालो. रोजा हा माझा आणि अल्लाचा मामला होता, मी तो घरातसुद्धा बोलून दाखवत नाही. तो तुम्ही शंभर माणसांत वाटला. नूरबीलाही आता सगळं कळलं. बाजारात धुळ्याची एक बाई भेटली, तिने सांगितलं. नूरबीने शाल पेटीत ठेवून दिली.

मी तुमच्याकडे पाणी प्यायला आलो नव्हतो. सारंगी वाजवायला आलो होतो. आठ वर्षांनी आलो होतो. पाणी पिऊन परत बसल्यावर, तुमचं बोलणं ऐकून सुद्धा, मी वाजवलं. तिला आलेली तुमची चारही पत्रं बेटीने मला वाचून दाखवली. त्यांत दाल-बाटी आहे, सतरंज्या आहेत, माणसांची मोजदाद आहे, माझी तहान आहे. मी काय वाजवलं, ते एकाही पत्रात नाही. भोंग्यावरही तुम्ही ते सांगितलं नाही.

तुम्ही पुन्हा वाजवायला बोलावता. आधी मला एवढंच सांगा, मी काय वाजवलं होतं?

नासीर

---

धुळे,
१८ ऑक्टोबर १९७५

नासीरमियाँ यांस,
कांतीलालचा नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. मी ऐकलं नाही.

सहा दिवस आठवायचा प्रयत्न केला. तुमची टोपी आठवते, खिडकीकडे जाणारी नजर आठवते. सतरंजीचं एक टोक दुमडलं होतं आणि त्यावर कोणी अडखळेल का, ही काळजी आठवते. माझ्या घरचं उष्टं न झालेलं ताट तर सारखं डोळ्यांपुढे होतं. सूर एक आठवत नाही. मग लोकांना विचारत फिरलो. तोंड लपवायची सवय मोडावी म्हणून तरी फिरलो. रतिलालजी म्हणाले, "सारंगीचंच काहीतरी होतं की." तुमच्या नावाने डोळे पुसणाऱ्या बायकांना विचारलं. त्यांना पाण्याचा पेला आठवतो. असलम म्हणाला, "तुम्ही बोलल्यावर माझ्या कानात काही गेलंच नाही शेठ." एकशे चाळीस माणसांत एकही सांगेना.

काल वाचनालयाच्या किल्ल्या परत करायला गेलो. चिटणीसपद गेलं, ते बरंच झालं. तिथे भागाबाई झाडत होती. संग्रहालयाची झाडलोट तिच्याकडे आहे. उगीच आपलं तिलाही विचारलं. तिने झाडू भिंतीला लावला आणि म्हणाली, "माले याद शे ना. पाणी पिसनी उना तो बाबा, तवय वाजाडं ते. मन्ही माय दयता दयता म्हने, तसं व्हतं. बठ्ठा लोके हासी राह्यंतात, अन् माले रडू उनं." मग तिने आईचं ते दळतानाचं गाणं मला गुणगुणून दाखवलं. दोन ओळी असतील. तिचा आवाज चिरका आहे, आणि मला सुरातलं काही समजत नाही, म्हणून बरोबर की चूक ते तुम्हीच सांगू शकाल.

हे मी भोंग्यावर सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तुम्हाला वाजवायला बोलावण्याचा हक्क मला नाही, म्हणून ते आमंत्रण मागे घेतो. लोक ऐकायलाच येतात, हा राजूने तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. तुम्ही घरी पुन्हा सारंगी काढलीत, एवढं तिच्याकडून कधी कळलं तरी मला पुरे.

भागाबाईला आत बसायची परवानगी नव्हती. नियम मीच केला होता, सहकुटुंब सभासदांसाठीच म्हणून. ती व्हरांड्यात दाराआड उभी राहून ऐकत होती. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

कांतीलाल